१९२७चे न्यूयॉर्क यांकीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९२७च्या हंगामात नेमके काय झाले?

बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीज या संघाने ११० सामने जिंकले, ४४ गमावले आणि एक बरोबरीत सुटला. दुसऱ्या क्रमांकावरच्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा हिशेब ९१ विजय, ६३ पराभव असा होता. १३ सप्टेंबरला, म्हणजे हंगाम संपायला अडीच आठवडे बाकी असताना, लीगचे विजेतेपद यांकीजच्या नावावर लागले होते. ऑक्टोबरमध्ये दोन लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी पिट्सबर्ग पायरेट्सला सलग चार सामन्यांत हरवले. बेब रूथने ६० होम रन मारले ते याच वर्षी.

बहुतेकांना ६० हा आकडा पाठ असतो आणि बाकीचा संघ त्यामागे झाकला जातो. लीगमध्ये सर्वांत जास्त धावा या संघाने केल्या, ९७५. सर्वांत कमी धावा दिल्या त्याही याच संघाने, ५९९. या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष केले तर हा हंगाम समजत नाही.

बेसबॉल फारसे पाहिलेले नाही. आकडे कळण्यापुरते काय माहीत हवे?

पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो, चार बेस पूर्ण केले की एक धाव. तीन बॅटर आउट झाले की बॅटिंग दुसऱ्या संघाकडे जाते, आणि दोन्ही संघांनी प्रत्येकी नऊ वेळा बॅटिंग केली, म्हणजे नऊ इनिंग झाल्या, की सामना संपतो. चेंडू हवेतून मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर होम रन. बेसवर आधीपासून उभे असलेले सगळे धावपटूही त्यावर घरी, म्हणजे चौथ्या बेसवर, येतात, म्हणून एका होम रनवर एक ते चार धावा मिळतात.

बॅटिंग सरासरी क्रिकेटसारखी धावांवरून काढत नाहीत. हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे) भागिले अधिकृत बॅटिंगच्या पाळ्या, एवढेच. रूथचे १९२७मध्ये ५४० पाळ्यांत १९२ हिट, म्हणून ०.३५६. चार चुकीचे चेंडू पडून फुकट पहिला बेस मिळाला तर ती पाळी या हिशेबात धरत नाहीत. रूथला असे १३७ बेस मिळाले. नुसत्या सरासरीवरून त्याची किंमत कमी दिसते ती यामुळे.

स्लगिंगमध्ये हिटची लांबी मोजतात. एका बेसच्या हिटला १, दोनच्या हिटला (डबल) २, तीनच्या हिटला (ट्रिपल) ३, होम रनला ४, आणि बेरजेला पाळ्यांनी भागायचे. रूथचे ४१७ बेस भागिले ५४० म्हणजे ०.७७२.

पिचरचा मुख्य आकडा ईआरए. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्यांना ९ने गुणायचे आणि टाकलेल्या इनिंगनी भागायचे. विल्सी मूरने २१३ इनिंगमध्ये अशा ५४ धावा दिल्या. ५४ गुणिले ९ भागिले २१३ म्हणजे २.२८. आकडा जितका लहान तितका पिचर चांगला.

त्या काळी हंगामाची रचना कशी होती?

अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग (दोन्ही मिळून मेजर लीग, म्हणजे सर्वांत वरची पातळी), प्रत्येकीत आठ संघ. आपल्या लीगमधल्या उरलेल्या सात संघांशी प्रत्येकी २२ सामने, ११ घरच्या मैदानावर आणि ११ बाहेर. एकूण १५४. आजच्यासारखी प्लेऑफची फेरी नव्हती. लीगमध्ये पहिला येणारा संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये जायचा, दुसरा घरी बसायचा.

मैदानावर दिव्यांची सोय नव्हती, मेजर लीगचा रात्रीचा पहिला सामना सिनसिनाटीत १९३५मध्ये झाला. अंधार पडला की अंपायर खेळ थांबवायचे. बरोबरीचा सामना क्रमवारीत धरत नसत, पण खेळाडूंचे आकडे मात्र धरत. लू गेरिगच्या नावावर १५४ ऐवजी १५५ सामने दिसतात ते या नियमामुळे, छपाईची चूक नव्हे.

प्रवास रेल्वेने. पश्चिमेचे टोक सेंट लुईस. रविवारी फिलाडेल्फियात आणि बोस्टनमध्ये खेळायला कायद्याने बंदी होती, न्यूयॉर्कमध्ये १९१९पासून परवानगी होती. त्यामुळे वेळापत्रकात कधी एका रविवारच्या सामन्यासाठी गाडी पकडून दुसऱ्या शहरात जाऊन परत येणेही असायचे. पावसाने बुडालेले सामने एकाच दिवशी दोन, म्हणजे डबलहेडर लावून भरून काढत.

दुसऱ्या संघापेक्षा १९ सामन्यांनी पुढे म्हणजे काय? तो आकडा कसा काढतात?

विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करायची. ११० वजा ९१ म्हणजे १९. ६३ वजा ४४ म्हणजेही १९. बेरीज ३८, निम्मे १९. इथे दोन्ही फरक सारखे निघाले, पण हंगामाच्या मधल्या कुठल्याही दिवशी संघांचे सामने कमीजास्त झालेले असतात. तेव्हा हीच रीत वापरली तर अर्ध्या सामन्याचे अंतरही निघते.

दुसरा आलेला ॲथलेटिक्सचा संघ कमकुवत मुळीच नव्हता. कॉनी मॅकच्या त्या संघात टाय कॉब, एडी कॉलिन्स, अल सिमन्स, मिकी कॉक्रेन, जिमी फॉक्स आणि लेफ्टी ग्रोव्ह असे नामांकित खेळाडू होते. संपूर्ण हंगामात यांकीजला एकाच सामन्यात एकही धाव काढता आली नाही. ३ सप्टेंबरला ग्रोव्हने त्यांना १-० असे रोखले.

हा संघ कसा जमला? सगळे खेळाडू पैशाने विकत घेतलेले होते का?

अर्धेच खरे आहे. मालक जेकब रुपर्ट बिअरच्या कारखान्याचे धनी, पैसा भरपूर. बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी कायम पैशाच्या अडचणीत. १९१९च्या डिसेंबरअखेर ठरलेल्या व्यवहारात रूथ बोस्टनहून न्यूयॉर्कला आला. पुढच्या तीन वर्षांत वेट हॉइट, जो ड्युगन, हर्ब पेनॉक आणि जॉर्ज पिपग्रासही बोस्टनहूनच आले. संघाची माणसे निवडणारे बिझनेस मॅनेजर एड बॅरोसुद्धा आधी बोस्टनचे मॅनेजर होते. १९२७च्या पिचिंगचा मोठा भाग बोस्टनमधून आलेला आहे.

दुसरा अर्धा भाग शोधून काढलेला. नवे खेळाडू शोधणाऱ्या स्काउट पॉल क्रिचेलने कोलंबिया विद्यापीठाच्या संघातून गेरिगला हेरले. अर्ल कोम्ब्स केंटकीतला शाळामास्तर, लुईव्हिलच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या लीग) संघातून आला. टोनी लझेरीने १९२५मध्ये सॉल्ट लेक सिटीकडून पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये ६० होम रन मारले होते, त्या लीगचा हंगाम मेजर लीगपेक्षा बराच लांब असे. लझेरीला फेफऱ्याचा त्रास होता, तो घ्यायला काही संघ कचरले. बॅरोनी धोका पत्करला, आणि मैदानावर लझेरीला तो झटका कधी आला नाही.

हे सगळे सरळ जमले असेही नाही. १९२५मध्ये रूथ आजारी पडला, ९८च सामने खेळला आणि संघ ६९ विजय, ८५ पराभव घेऊन सातवा आला. मॅनेजर मिलर हगिन्सने जुने खेळाडू बाजूला केले. गेरिग त्याच जूनमध्ये पहिल्या बेसवर कायमचा उभा राहिला. १९२६मध्ये लझेरी आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मार्क केनिग असे दोन नवखे एकदम आत आले. त्या वर्षी लीग जिंकली, पण वर्ल्ड सिरीज सेंट लुईस कार्डिनल्सकडे सातव्या सामन्यात गेली. १९२७मध्ये आरंभी असलेले २५ खेळाडूच शेवटपर्यंत राहिले, हंगामात एकही बदल झाला नाही.

बॅटिंगचा क्रम कसा होता आणि तो इतका जड का पडायचा?

नेहमीचा क्रम असा: कोम्ब्स, केनिग, रूथ, गेरिग, बॉब म्यूझेल, लझेरी, ड्युगन, कॅचर (बहुधा पॅट कॉलिन्स) आणि नववा पिचर.

पहिला कोम्ब्स, सरासरी ०.३५६, २३१ हिट आणि त्यातले २३ तीन बेसचे. म्हणजे रूथ बॅट घेऊन उभा राहतो तेव्हा बेसवर बहुधा कोणीतरी असायचेच. समोरच्या पिचरची पहिली अडचण ही. दुसरी अडचण गेरिग. रूथला मुद्दाम चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस द्यावा, तर पुढचा बॅटर ०.३७३ सरासरीने खेळतोय आणि त्याचे ५२ डबल, १८ ट्रिपल, ४७ होम रन. गेरिगलाही चुकवावे, तर म्यूझेल (०.३३७, १०३ धावा घरी आणल्या, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर तेवढ्या धावा पूर्ण झाल्या) आणि लझेरी (०.३०९, १०२) मागे आहेतच. चार बॅटर शंभराहून जास्त धावा घरी आणणारे, तेही क्रमाने तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत. चुकवायला जागा नाही.

या फळीला मर्डरर्स रो म्हणजे खुन्यांची रांग म्हणतात. ते नाव १९२७चे नाही, यांकीजच्या बॅटरांसाठी ते जवळजवळ दहा वर्षे आधीपासून वापरात होते. या संघाला ते कायमचे चिकटले इतकेच. सामने दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू होत, शेवटच्या इनिंग पाचच्या आसपास येत आणि नेमका तेव्हाच दमलेल्या पिचरवर धावांचा पाऊस पडे. खेळाडू त्याला पाच वाजताची वीज म्हणत.

४ जुलैला वॉशिंग्टन सेनेटर्सशी घरच्या मैदानावर डबलहेडर झाला. वॉशिंग्टन तेव्हा चांगल्या भरात होते. निकाल १२-१ आणि २१-१.

रूथचे ६० होम रन महिन्यागणिक कसे पडले?

एप्रिलमध्ये ४, मेमध्ये १२, जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये ९-९-९, सप्टेंबरमध्ये १७. ऑगस्टअखेर ४३ झाले होते. त्याचा स्वतःचाच १९२१चा ५९चा विक्रम मोडायला एका महिन्यात १७ हवे होते आणि त्याने बरोबर तेवढेच मारले.

६०वा ३० सप्टेंबरला, यांकी स्टेडियमवर, वॉशिंग्टनच्या टॉम झॅकरीविरुद्ध. आठवी इनिंग, धावा २-२, केनिग ट्रिपल मारून तिसऱ्या बेसवर. चेंडू उजव्या फाउल रेषेलगत प्रेक्षकांत गेला आणि सामना ४-२ असा जिंकला. तो फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, होता असे झॅकरीचे म्हणणे होते. अंपायरने मान्य केले नाही.

त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये एकूण ४३९ होम रन पडले. रूथचा वाटा जवळजवळ सातवा हिस्सा. दुसऱ्या आलेल्या ॲथलेटिक्सच्या सबंध संघाचे ५६ होते. म्हणजे एक माणूस लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघापेक्षा पुढे. नॅशनल लीगमध्ये एका खेळाडूचे सर्वांत जास्त ३० होते. ६०चा विक्रम १९६१पर्यंत टिकला. त्या वर्षी रॉजर मॅरिसने ६१ मारले, पण तेव्हा हंगाम १६२ सामन्यांचा झाला होता.

गेरिग खरोखर रूथच्या पुढे होता का?

होता, आणि तेही हंगाम बराच सरल्यावर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघे ४४वर बरोबरीत होते. ६ सप्टेंबरला बोस्टनमधल्या डबलहेडरमध्ये गेरिगने ४५वा मारला आणि एक पाऊल पुढे गेला. रूथने त्याच दिवशी तीन मारले, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. गेरिग तिथून ४७वर थांबला.

या शर्यतीचा फायदा रूथलाच झाला असे मानायला जागा आहे. मागे गेरिग असल्यामुळे पिचरांना रूथला टाळता येत नव्हते. आदल्या वर्षांत ती सोय त्यांना होती.

मग सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार गेरिगला कसा मिळाला?

अमेरिकन लीगच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे एकदा पुरस्कार मिळालेल्या खेळाडूला पुन्हा देत नसत. रूथला तो १९२३मध्ये मिळाला होता, म्हणून १९२७मध्ये त्याचे नाव विचारातच नव्हते. तरी गेरिगला तो उपकार म्हणून मिळाला असे समजू नये. हिट, डबल आणि घरी आणलेल्या धावा यांत तो रूथच्या पुढे होता, आणि एकूण बेस ४४७ विरुद्ध ४१७.

पगाराकडे पाहिले तर रूथला वर्षाला ७० हजार डॉलर, गेरिगला ८ हजार. रूथ आधीच देशभर गाजलेला होता, गेरिग पूर्ण वेळ खेळायला लागून दोनच वर्षे झाली होती. शिवाय खेळाडूला आपला संघ सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक नव्हती, त्यामुळे मालक देईल तो पगार घ्यावा लागे.

डावखुऱ्या रूथला यांकी स्टेडियमची उजवी बाजू जवळ होती. ६० होम रन त्यामुळेच ना?

नाही. ६०पैकी २८ घरच्या मैदानावर आणि ३२ बाहेर. घरी आणि बाहेर सामने जवळजवळ सारखे असताना हा हिशेब त्या समजुतीला पुरून उरतो.

मैदानाचा आकार विचित्र होता हे खरे. उजव्या टोकाला कुंपण सुमारे २९५ फुटांवर, डाव्या टोकालाही सुमारे २८०. पण टोकापासून मध्याकडे सरकले की अंतर झपाट्याने वाढे, डावीकडच्या मधल्या भागात साडेचारशे फुटांच्या पुढे आणि सरळ मध्यात ४९०च्या आसपास. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्या म्यूझेल आणि लझेरीचे कितीतरी चांगले फटके तिथे झेलले गेले. त्या विस्तीर्ण मध्यात कोम्ब्ससारखा वेगाने पळणारा क्षेत्ररक्षक लागायचाच.

रूथ उन्हाकडे तोंड करून उभा राहायचे टाळे. घरी डावी बाजू उन्हाची, म्हणून तो उजवीकडे आणि म्यूझेल डावीकडे. काही बाहेरच्या मैदानांवर उलट. जुन्या स्कोअरकार्डवर रूथची जागा सामन्यागणिक बदललेली दिसली तर ती चूक समजू नये.

तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा वेगळे होते का?

होते, आणि आकड्यांची तुलना करताना घोळ होतो तो बहुतेक इथेच.

मैदानात एक टप्पा पडून चेंडू प्रेक्षकांत गेला तरी तेव्हा होम रन देत. आज दोन बेस देतात. जुन्या वार्ता तपासणाऱ्यांना रूथच्या ६०मध्ये टप्पा पडून गेलेला एकही सापडलेला नाही, म्हणून तो आकडा नियमाच्या सवलतीवर उभा नाही.

उलट दुसरा नियम बॅटरला जड होता. फाउल रेषेच्या खांबाजवळून चेंडू कुंपणापलीकडे गेला तर तो खांब ओलांडताना आत होता की बाहेर हे आज पाहतात. १९२७मध्ये अंपायरला तो शेवटी दिसेनासा होताना कुठे होता हे पाहत. आतून जाऊन मग बाहेर वळलेला फटका तेव्हा फाउल ठरे.

तिसरा नियम सरासरी फुगवणारा. १९२६ ते १९३० या काळात उंच झेल देऊन बॅटर आउट झाला आणि त्यावर कोणताही धावपटू पुढच्या बेसवर गेला, तर ती पाळी मोजत नसत. आज धावपटू घरी आला तरच ती सूट मिळते. त्या पाच वर्षांतल्या सगळ्यांच्या सरासऱ्या त्यामुळे थोड्या चढ्या दिसतात.

आणि चेंडू. थुंकी लावून टाकायला १९२०पासून बंदी आली. आधीपासून तसा चेंडू टाकणाऱ्या १७ पिचरांना निवृत्तीपर्यंत मुभा दिली, त्यांतला एक यांकीजचा अर्बन शॉकर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला चेंडू लागून तो दगावला. मळलेला चेंडू दिसला नाही हे एक कारण मानले गेले आणि मग चेंडू वारंवार बदलू लागले. स्वच्छ, पांढरा, कडक चेंडू लांब जातो. १९२०च्या दशकातल्या धावांचे मूळ इथे आहे.

पिचिंग चांगले होते म्हणता, पण मोठे नाव तर एकही ऐकू येत नाही. का?

कारण ओझे एकावर नव्हते. विजय-पराभव पाहा: हॉइट २२-७, मूर १९-७, पेनॉक १९-८, शॉकर १८-६, डच रूदर १३-६, पिपग्रास १०-३. या सहा जणांचेच विजय १०१ भरतात आणि त्यांतल्या कोणाचेही पराभव आठाच्या वर नाहीत. संघाचा ईआरए ३.२०, लीगमध्ये सर्वांत कमी.

यांतला मूर समजून घेण्यासारखा आहे. वय तिशीचे, मेजर लीगमध्ये पहिलेच वर्ष, येण्याआधी दक्षिणेतल्या ग्रीनव्हिलकडून मायनर लीगमध्ये ३० सामने जिंकलेला. त्याचा चेंडू बॅटरजवळ येताना खाली बुडायचा. बॅट अशा चेंडूच्या वरच्या भागाला लागते आणि तो जमिनीवरून इन्फिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, हातात जातो. हगिन्सने त्याला ५० सामन्यांत उतरवले, पण सुरुवात फक्त १२ सामन्यांत करायला दिली. उरलेल्या ३८मध्ये तो मधूनच येऊन दुसऱ्याचा सामना सावरायचा. त्या काळी दमलेला पिचरही नऊ इनिंग रेटत असे, आणि मधून उतरणारा पिचर म्हणजे सुरुवातीला चालत नाही तो, अशी समजूत होती. हगिन्सने आपला एक उत्तम पिचर या कामाला लावला. या संघाच्या यशातले हे सर्वांत कमी बोलले जाणारे कारण असावे. त्याच्या नावापुढे आज १३ सेव्ह (संघाची आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद) दिसतात, पण सेव्ह हा हिशेब १९६९मध्ये अधिकृत झाला. ते जुन्या स्कोअरकार्डवरून मागाहून मोजलेले आहेत.

शॉकर हृदयविकाराने आजारी होता आणि ते त्याने लपवून ठेवले होते. त्याला आडवे झोपता येत नसे. तशा अवस्थेत १८ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला.

पायरेट्स यांकीजचा सराव पाहून आधीच घाबरले होते, हे खरे आहे का?

गोष्ट फार पसरली, पुरावा नाही. पायरेट्सच्याच काही खेळाडूंनी नंतर ती नाकारली, लॉइड वेनर त्यांत होता. सामन्यांवरूनही ती पटत नाही. पहिला सामना ५-४ आणि चौथा ४-३ असा निसटता होता. लॉइड वेनरने सिरीजमध्ये ०.४००ने खेळ केला, त्याचा भाऊ पॉलने ०.३३३ने. घाबरलेले लोक असे खेळत नाहीत.

पायरेट्स हरले याची कारणे साधी होती. मॅनेजर डोनी बुशशी खटका उडाल्याने किकी कायलरसारखा उत्तम बॅटर चारही सामने बाकावर बसून राहिला. यांकीजचे पिचर भरात होते. तिसऱ्या सामन्यात पेनॉकने पहिले २२ बॅटर ओळीने आउट केले, आठव्या इनिंगमध्ये पाय ट्रेनरने पहिला हिट मारला. निकाल ८-१. दुसरा सामना ६-२ पिपग्रासने जिंकून दिला. होम रन सिरीजभर दोनच पडले, दोन्ही रूथचे.

शेवट मात्र कोणी कल्पना केली नसती असा झाला. चौथा सामना, नववी इनिंग, ३-३. तिन्ही बेसवर यांकीज, एकही आउट नाही. पायरेट्सचा पिचर जॉनी मिल्जसने गेरिगला आणि म्यूझेलला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) केले. आता समोर लझेरी. मिल्जसचा चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेला, कोम्ब्स तिसऱ्या बेसवरून घरी आला आणि सिरीज संपली. इतक्या बॅटिंगचा संघ जगज्जेता झाला तो वाइल्ड पिचवर.

हा सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ संघ आहे का?

विजयांच्या संख्येत नाही. १९०६च्या शिकागो कब्जने ११६ जिंकले, तेही १५२ निकाली सामन्यांत. १९५४मध्ये क्लीव्हलँडने १५४ सामन्यांत १११ जिंकून अमेरिकन लीगचा यांकीजचा विक्रम मोडला. दोघेही वर्ल्ड सिरीज हरले.

धावांच्या फरकावरून पाहायचे असेल तर एक सोपी रीत आहे. केलेल्या धावांचा वर्ग भागिले (केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग). ९७५चा वर्ग ९,५०,६२५ आणि ५९९चा ३,५८,८०१. उत्तर ०.७२६, म्हणजे १५४ सामन्यांत सुमारे ११२ विजय. प्रत्यक्षात ११०. नशिबाने जिंकलेला संघ असेल तर प्रत्यक्ष विजय या अंदाजाच्या बरेच वर असतात. इथे ते किंचित खालीच आहेत.

एक गोष्ट विसरता कामा नये. सेंट लुईस ब्राउन्सविरुद्ध यांकीजने २२पैकी २१ जिंकले. लीगमध्ये तळाचे संघ फारच तळाला होते, आणि आजच्यासारखी खेळाडूंची वाटणी समान करणारी कुठलीही पद्धत नव्हती.

कृष्णवर्णीय खेळाडू या लीगमध्ये का नव्हते?

कारण त्यांना येऊ देत नव्हते. लिखित नियम नसतानाही मालकांनी एकजुटीने पाळलेली ती बंदी होती, आणि १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळेपर्यंत ती टिकली. १९२७मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र लीग चालू होत्या. त्यांच्या त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो अमेरिकन जायंट्सने अटलांटिक सिटीच्या बॅकरॅक जायंट्सना हरवले. यांकीजचे ११० विजय देशातल्या सगळ्या उत्तम खेळाडूंविरुद्धचे नाहीत. त्या काळातल्या प्रत्येक मेजर लीग विक्रमाशेजारी हे वाक्य लिहायला हवे.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे वेगळे का दिसतात?

घरी आणलेल्या धावांबाबत हे सर्वांत जास्त होते. गेरिगचा आकडा कुठे १७५, कुठे १७३. रूथचा १६४ किंवा १६५. तेव्हाचे अधिकृत हिशेब हाताने रोजच्या कागदांवर लिहीत, आणि पुढे सामन्यागणिक पडताळणी केल्यावर काही नोंदी दुरुस्त झाल्या. जुनी पुस्तके जुना आकडा देतात. लिहिताना एकच संदर्भ धरून शेवटपर्यंत तोच वापरावा, रूथचा एकीकडून आणि गेरिगचा दुसरीकडून उचलू नये.

इंटरनेटवरचा फोटो १९२७चाच आहे हे कसे ओळखावे?

पाठ पाहा. पाठीवर क्रमांक असेल तर फोटो १९२७चा नाही. यांकीजने क्रमांक १९२९पासून लावले, बॅटिंगच्या क्रमाप्रमाणे. रूथचा ३ आणि गेरिगचा ४ तिथून आले.

मग छाती पाहा. घरच्या रेघांच्या शर्टावर गुंफलेली एन आणि वाय ही अक्षरे तेव्हा नव्हती. ती १९३६मध्ये परत आली. बाहेरगावच्या राखाडी शर्टावर मात्र १९२७पासून १९३०पर्यंत यांकीज असे पूर्ण नाव लिहिलेले असे. छातीवर ती अक्षरे असलेला, पट्ट्यांच्या शर्टातला रूथ दाखवून १९२७ लिहिले असेल तर ते नंतरचे चित्र किंवा जाहिरात समजावी.

न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे राहणाऱ्यांना किंवा तिकडे जाणाऱ्यांना आज काय पाहता येईल?

१९२३चे मूळ स्टेडियम राहिलेले नाही. त्याचा शेवटचा हंगाम २००८चा, २०१०पर्यंत ते पाडले. त्या जागी आता हेरिटेज फील्ड हे सार्वजनिक मैदान आहे आणि रस्त्यापलीकडे २००९चे नवे स्टेडियम. मॅनहॅटनहून सबवेची ४ किंवा डी गाडी पकडून १६१ स्ट्रीटला उतरायचे. बी गाडीही जाते, पण शनिवार-रविवारी ती धावत नाही.

नव्या स्टेडियममधल्या मॉन्युमेंट पार्कमध्ये हगिन्स, गेरिग आणि रूथ यांचे मूळ दगडी स्मारकस्तंभ आहेत. हगिन्स १९२९चा हंगाम चालू असतानाच वारला, त्याचा स्तंभ सर्वांत आधीचा, १९३२चा. गेरिगचा १९४१चा, रूथचा १९४९चा. जुन्या स्टेडियममध्ये हे तिन्ही स्तंभ खेळाच्या मैदानातच, सेंटरफिल्डच्या कुंपणाजवळ उभे होते. सामन्याच्या दिवशी ही जागा पहिला चेंडू पडण्याच्या बरीच आधी बंद करतात, म्हणून दारे उघडताच सरळ तिकडे जावे.

वेळ असेल तर कूपरस्टाउनचे हॉल ऑफ फेम, शहरातून गाडीने साधारण चार तास. १९२७च्या संघातले रूथ, गेरिग, कोम्ब्स, लझेरी, हॉइट, पेनॉक आणि मॅनेजर हगिन्स, शिवाय बॅरो आणि रुपर्ट, सगळ्यांच्या पाट्या तिथे आहेत. लझेरीची पाटी लागायला १९९१ उजाडले, रुपर्ट यांची २०१३मध्ये लागली. मूरची नाही. तो तशा भरात एकच हंगाम खेळला.